सांतोरिओची खुर्ची आणि घरातला वजनकाटा

वर्गात एक प्रश्न टाकून पाहावा. एका माणसाने रात्री झोपण्यापूर्वी आपले वजन केले. सकाळी उठल्याबरोबर, पाण्याचा घोटही न घेता आणि लघवीला जाण्याआधी, त्याच काट्यावर त्याच कपड्यांत त्याने पुन्हा वजन केले. ते तीनशे ग्रॅमने कमी भरले. हे तीनशे ग्रॅम गेले कुठे?

उत्तरे ठरावीक येतात. ‘अन्न पचले’, ‘झोपेत शक्ती खर्च झाली’, ‘काटा बिघडला असेल’. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम या मुलांनी पाठ केलेला असतो. मेणबत्ती जळते म्हणजे तिचे द्रव्य नाहीसे होत नाही, हेही ती सांगतात. पण तोच नियम अंथरुणात झोपलेल्या माणसालाही लागू आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायामशिक्षक अशा दीडशे जणांना जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता: वजन उतरते तेव्हा शरीरातली चरबी जाते कुठे? २०१४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात निष्कर्ष दिला आहे. निम्म्याहून अधिक जणांचे उत्तर होते, तिची ऊर्जा किंवा उष्णता होते.

हा प्रश्न पहिल्यांदा तराजू हातात घेऊन, चिकाटीने विचारला तो इटलीतल्या एका वैद्याने, चारशे वर्षांपूर्वी. आज घरोघरी पलंगाखाली सरकवून ठेवलेल्या वजनकाट्याचा तो एका अर्थाने मूळ पुरुष. पण त्याचा काटा आणि आपला काटा यांच्यात मोठा फरक पडला आहे. काटे अधिक अचूक झाले हा तो फरक नव्हे. त्यावरच्या आकड्याला आपण काय विचारतो, तेच बदलून गेले.

सांतोरिओ सांतोरी याचा जन्म १५६१ साली एड्रियाटिक समुद्रकाठच्या कापोदिस्त्रिया गावी झाला. हे गाव तेव्हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकात होते. आज ते स्लोव्हेनियात असून कोपर या नावाने ओळखले जाते. पादुआ विद्यापीठात वैद्यक शिकून पुढे १६११ ते १६२४ या काळात तो तेथेच प्राध्यापक होता. गॅलिलिओशी त्याचा पत्रव्यवहार होता. मोजण्याचे वेड दोघांनाही सारखेच. नाडीचा वेग मोजायला सांतोरिओने लंबक वापरला, हवेच्या तापमापकाला आकड्यांची पट्टी जोडली आणि रोग्याचा ताप मोजण्याचा प्रयत्न केला. वैद्याने हाताला काय लागते एवढ्यावर विसंबू नये, असे त्याचे मत होते.

त्याची खुर्ची मात्र सर्वांत प्रसिद्ध झाली. छताच्या वर एक मोठा दांडीचा काटा बसवलेला. त्याची एक बाजू आखूड, दुसरी लांब आणि लांब बाजूवर सरकवता येणारे वजन. आपल्या वखारीत लाकूड तोलायला असे काटे पुष्कळांनी पाहिले असतील. आखूड बाजूला दोरांनी टांगलेली खुर्ची आणि तिच्यात बसलेला सांतोरिओ, समोर जेवणाचे टेबल. १६२५ मध्ये छापलेल्या त्याच्या एका ग्रंथात हे चित्र आहे. जेवणापूर्वी दांडीवरचे वजन ठरावीक जागी सरकवून ठेवायचे. तेवढे अन्न पोटात गेले की खुर्ची किंचित खाली येई, आणि जेवण थांबवायचे. (घरच्या माणसांना या पाहुणचाराबद्दल काय वाटत असेल, याची नोंद नाही.) खाणे, पिणे, झोप, व्यायाम यांच्या आधी आणि नंतर स्वतःचे वजन करायचे, अन्नाचे करायचे, मलमूत्राचेही करायचे. हा उद्योग त्याने एक-दोन महिने नव्हे, पंचवीस-तीस वर्षे चालवला.

जमाखर्च मांडल्यावर त्याला दिसले की हिशेब जुळत नाही. जेवढे आत जाते तेवढे मलमूत्रावाटे बाहेर येत नाही आणि तरीही वजन वाढत नाही. म्हणजे काहीतरी न दिसता, न जाणवता शरीराबाहेर जात असले पाहिजे. १६१४ मध्ये व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या छोट्या लॅटिन पुस्तकात हे प्रमाण दिले आहे. दिवसाला आठ पौंड अन्नपाणी घेतले तर सुमारे पाच पौंड या न जाणवणाऱ्या घामावाटे जातात. गार हवेत बसून राहणाऱ्या माणसात हा वाटा एवढा मोठा भरणार नाही. पण असा वाटा आहे, आणि तो नगण्य नाही, ही गोष्ट खरी होती. त्यामागची उपपत्ती त्याने जुन्या ग्रीक वैद्यकातूनच उचलली होती. हा घाम अडला की रोग होतो, असे तो मानत असे, आणि ते चूक होते. तराजू नवा होता, वैद्यक जुनेच.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच्या पुस्तकातले एक सूत्र मला विशेष मोलाचे वाटते. मिताहारी, निरोगी पुरुषाचे वजनही दर महिन्याला एक-दोन पौंडांनी वाढते आणि महिन्याच्या अखेरीस पुन्हा पहिल्यासारखे होते, असे त्याने नोंदवले आहे. त्याचे हे ‘मासिक’ चक्र आजच्या कसोटीला उतरेल असे नाही. पण ज्याने वर्षानुवर्षे स्वतःला तोलले, त्याला वजन स्थिर नसते हे आधीच ठाऊक झाले होते. वरखाली होणे हा बिघाड नव्हे, शरीर असेच चालते, अशी त्याची समजूत होती. कालच्यापेक्षा आज पौंडभर जास्त भरले तर तो खचत नसे. हे कशामुळे झाले असावे, असे विचारत असे.

याच सुमारास आपल्याकडेही माणसे तराजूत बसत होती, पण अगदी वेगळ्या हेतूने. १६१७ साली मांडू येथे जहांगीर बादशहाची तुला झाली, ती इंग्रज वकील टॉमस रो याने पाहिली. थैल्यांत खरेच सोनेनाणे आहे की खडे, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता, अशी शंकाही त्याने रोजनिशीत लिहून ठेवली आहे. १६६५ च्या जानेवारीत सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजी महाराजांनी महाबळेश्वरी जिजाबाईंची सुवर्णतुला केली आणि १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर स्वतः महाराजांची तुला झाली. तुलेत माणूस जितका भारी तितके दान मोठे. येथे वजन कमी भरावे असे कोणालाच वाटत नसणार, निदान दान घेणाऱ्यांना तर नाहीच.

सांतोरिओचे पुस्तक युरोपभर गाजले, अनेक भाषांत गेले. पुस्तकामागोमाग त्याचे अनुकरण करणारे आले. त्यांतले काही अस्सल संशोधक होते. अमेरिकेत चार्ल्सटन येथे जॉन लायनिंग या वैद्याने १७४० पासून वर्षभर रोज स्वतःचे अन्नपाणी, मूत्र, घाम आणि वजन यांच्या नोंदी ठेवल्या व हवामानाशी ताडून पाहिल्या. पण सगळेच संशोधक नव्हते. २९ मार्च १७११ च्या ‘स्पेक्टेटर’ या लंडनच्या नियतकालिकात जोसेफ अॅडिसनने एका काल्पनिक वाचकाचे पत्र छापले आहे. हा गृहस्थ सांतोरिओ वाचून तराजूच्या खुर्चीतच राहायला गेला आहे. तो जेवतो तराजूवर, झोपतो तराजूवर. भूक लागली म्हणून तो जेवत नाही. खुर्ची वर गेली की जेवतो. झोप किती घ्यायची तेही वजनानेच ठरते. तीन वर्षे त्याने आपले वजन एका ठरावीक आकड्यावर अचूक राखले आहे आणि तरीही तो आजारी आहे! चेहरा पिवळा पडला आहे, नाडी मंद झाली आहे आणि अंगात पाणी साचू लागले आहे.

अॅडिसनला थट्टा करायची होती, शरीरशास्त्र शिकवायचे नव्हते. तरी त्या शेवटच्या लक्षणात फार मोठी गोष्ट सापडते. वजन तेच राहिले, पण मांस झडून त्या जागी पाणी आले. काटा मात्र ‘सर्व ठीक’ असेच सांगत राहिला.

हे अक्षरशः घडू शकते, याचा पुरावा सव्वादोनशे वर्षांनी मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, युद्धात होरपळलेल्या युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज याने एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला सदसद्विवेकाने नकार दिलेले छत्तीस तरुण स्वेच्छेने त्यात सामील झाले. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवून त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरवण्यात आले. त्यांची हाडे दिसू लागली, पण घोटे आणि चेहरे सुजले. चरबी आणि स्नायू जात होते आणि त्यांच्या जागी पाणी साचत होते. म्हणजे शरीराची झीज काट्यावर दिसत होती त्याहून जास्त होती. मनावरचे परिणाम तर वेगळेच होते. ही माणसे दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके वाचू लागली. उपाशी ठेवलेले मन नुसत्या निर्धाराने ताळ्यावर राहत नाही, हे या प्रयोगाने दाखवले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. सांतोरिओचा हरवलेला हिशेब जुळवला तो लाव्हाझिएने. १७९० च्या सुमारास त्याचा सहकारी आर्मां सेगँ हा रोगण दिलेल्या रेशमी कापडाच्या हवाबंद पिशवीत शिरून बसे. तोंडाला तेवढी नळी. पिशवीसह आणि पिशवीशिवाय वजने करून त्वचेतून किती जाते आणि श्वासावाटे किती जाते, हे वेगळे करता आले. श्वासाबरोबर पाण्याची वाफ जाते, आणि शिवाय कार्बनही जातो. आपण प्राणवायू आत घेतो आणि तो कार्बनला जोडून कार्बन डायॉक्साइडच्या रूपाने बाहेर टाकतो. हे काम पुरे होण्याआधीच, ८ मे १७९४ रोजी, लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. रात्रीचे तीनशे ग्रॅम असे जातात: बहुतेक पाणी, थोडा कार्बन. आणि मीरमन-ब्राउन यांचा हिशेब सांगतो की शरीरातील दहा किलो चरबी पूर्ण जळाली तर त्यातले ८.४ किलो कार्बन डायॉक्साइड होऊन नाकातोंडावाटे जातात आणि उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. घटलेल्या वजनाचा मोठा भाग आपण हवेत सोडलेला असतो.

माणसाने स्वतःला तोलणे हे संशोधकांपुरते होते तोवर वही, तारीख आणि कारण या गोष्टी आकड्याबरोबर राहिल्या. लंडनच्या सेंट जेम्स रस्त्यावर एक कॉफी-किराण्याचे दुकान होते. पुढे ते दारूच्या व्यापारासाठी प्रसिद्ध झाले. तेथे मालाच्या मोठ्या काट्यावर गिऱ्हाइकांनी हौसेने वजन करून घ्यायचे आणि ते वहीत लिहायचे, असा रिवाज १७६५ पासून होता. कवी बायरनची नोंद त्या वहीत आहे. जानेवारी १८०६ मध्ये तो १३ स्टोन १२ पौंड भरला, म्हणजे ८८ किलो. १८११ च्या जुलैत ९ स्टोन साडेअकरा पौंड, म्हणजे ६२ किलोंच्या आसपास. पाच वर्षांत पंचवीस किलो. स्थूल होण्याची त्याला धास्ती होती आणि उपाशी राहण्याचे त्याचे प्रकार त्याच्या मित्रांना चक्रावून टाकत. पण त्या दुकानदाराची शिस्त पाहा: १८०६ च्या नोंदीत बूट घातलेले होते, टोपी नव्हती, हेही लिहिलेले आहे. कोणत्या परिस्थितीत मोजले हे लिहिल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही, हे तो किराणेवाला जाणत होता.

१८८० च्या दशकात नाणे टाकून वजन सांगणारी यंत्रे आली आणि वहीही सुटली. आपल्या रेल्वे फलाटांवर रंगीत दिव्यांची, गरगरणाऱ्या चकत्यांची ती यंत्रे पुष्कळ वर्षे होती. नाणे टाकले की खटकन जाड पुठ्ठ्याचे तिकीट पडे. त्यावर एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य किंवा सिनेनटीचे चित्र. आता ती क्वचितच दिसतात. पण वजन आणि भविष्य एकाच तिकिटावर छापणाऱ्या कारखानदाराला माणसाचे मन चांगले कळले होते, असे म्हणावे लागते.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत काटा घरात आला. त्याच वेळी एका पुस्तकाने लोकांच्या हातात उष्मांकांचा हिशेब दिला. डॉ. लुलू हंट पीटर्स यांचे आहार व उष्मांकांवरचे हे पुस्तक १९१८ साली निघाले. पहिले महायुद्ध चालू होते आणि धान्याची टंचाई होती. अंगावर चरबी बाळगणे म्हणजे देशाच्या अन्नाची साठेबाजी, असा सूर या पुस्तकात आहे. लोकांनी गट करून एकत्र वजन करावे, वजन उतरले नाही तर दंड भरावा, अशी सूचनाही आहे. लेखिका विनोदी होत्या आणि स्वतः स्थूलपणाशी झगडलेल्या होत्या, त्यामुळे वाचताना गंमत वाटते. पण सांतोरिओच्या खुर्चीपासून आपण किती दूर आलो पाहा. आकडा आता प्रश्न राहिला नाही, प्रगतिपुस्तक झाला. आणि प्रगतिपुस्तकावर लाल शेरा कसा लागतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

प्रगतिपुस्तकाला ‘अपेक्षित गुण’ हवे होते. ते विमा कंपन्यांनी पुरवले. अमेरिकेतील मेट्रोपोलिटन लाइफ कंपनीने १९४२ मध्ये स्त्रियांसाठी आणि १९४३ मध्ये पुरुषांसाठी ‘आदर्श वजना’चे तक्ते काढले. विमेदारांपैकी कोणत्या वजनाचे लोक अधिक जगतात, यावर ते आधारलेले होते. १९५९ मध्ये सुधारित तक्ते आले. त्यांत उंची बुटांसह धरली होती, पुरुषांच्या टाचा एक इंच आणि स्त्रियांच्या दोन इंच! वजन घरातल्या कपड्यांसह. असे उंची-वजनाचे तक्ते मग सगळीकडच्या दवाखान्यांच्या भिंतींवर लागले, आपल्याकडेही. १९७२ मध्ये त्याच अॅन्सेल कीजने वेगळे सूत्र पुढे आणले: किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. मूळ कल्पना बेल्जियमच्या अदोल्फ केतले या गणितज्ञाची, १८३० च्या दशकातली. केतलेला लठ्ठपणात रस नव्हता, त्याला समाजातला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. कीजनेही हा निर्देशांक समूहांची तुलना करायला सुचवला होता. एका व्यक्तीवर निकाल द्यायला तो वापरण्याची घाई नंतरच्यांची.

या घाईचे उत्तम उत्तर पुण्यातून मिळाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे छायाचित्र शेजारी शेजारी उभे राहून छापले. दोघांचाही निर्देशांक अगदी एकच, २२.३. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. काटा दोघांना एकच गुण देत होता. दिसायला सडपातळ पण पोटाभोवती चरबी, ही आपल्या लोकांची ठेवण आणि त्यातून येणारा मधुमेह, हा डॉ. याज्ञिकांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचा विषय आहे. आपल्याकडे निदान कंबरेची फीत काट्याइतकीच उपयोगी.

पण वजन उतरवायचे ठरवलेल्या माणसाचा खरा छळ होतो तो रोजच्या आकड्याने. त्याचे गणित शिक्षकांनी फळ्यावर मांडून दाखवण्यासारखे आहे. शरीरातील एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. कोणी नेटाने रोज ५०० किलोकॅलरी कमी खाल्ल्या तर दिवसाला ६५ ग्रॅम चरबी जाईल. आता शरीरातले पाणी पाहा. एक लिटर म्हणजे एक किलो. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने प्रौढ माणसाची चारशे-पाचशे ग्रॅम साखर साठलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. दोन-तीन दिवसांच्या कडक उपासात हा साठा उतरला की वजन दीड-दोन किलोंनी घटते; त्यात चरबी थोडीच असते. (साबुदाण्याच्या खिचडीचा उपास येथे धरलेला नाही.) पुन्हा जेवू लागले की ते सगळे परत येते आणि माणूस हताश होतो. मिठाचेही तेच. शरीरातील द्रवात लिटरला नऊ ग्रॅमच्या आसपास मीठ असते. लग्नाच्या पंगतीत लोणचे-पापडासह नऊ ग्रॅम मीठ जास्त गेले तर ते बाहेर टाकले जाईपर्यंत लिटरभर पाणी अंगात राहू शकते. मासिक पाळीच्या आधी अनेक स्त्रियांच्या अंगात पाणी साचते, ते वेगळेच. एका दिवसात किलो-दीड किलो वरखाली होणे अगदी सामान्य आहे.

म्हणजे शोधायचे आहेत ६५ ग्रॅम, आणि भोवतालचा गोंगाट आहे हजार ग्रॅमचा. सकाळी किलोभर जास्त भरले म्हणून रडकुंडीला आलेल्या माणसाला एवढेच सांगावे की रात्रीत किलोभर चरबी चढायची असेल तर गरजेपेक्षा ७,७०० किलोकॅलरी जास्त, म्हणजे नेहमीच्या जेवणावर आणखी पंचाहत्तर-ऐंशी पोळ्या, पोटात जायला हव्यात. उलट, दोन दिवसांत दोन किलो उतरवून देण्याची जाहिरात कोणी करत असेल तर ती माणसे पाणी विकत आहेत.

नियमित वजन करणे वाईट आहे असे यातून निघत नाही. अशा नोंदींची वजन आटोक्यात ठेवायला पुष्कळांना मदत होते, असे अभ्यासांतून दिसले आहे. काहींना मात्र तीच सवय खाण्यापासून आणि स्वतःपासून तोडते. खाण्याच्या विकारांवर उपचार करणारे डॉक्टर म्हणूनच अनेकदा रुग्णाला काट्याकडे पाठ करून उभे करतात आणि आकडा त्याला सांगत नाहीत.

गंमत अशी की आकडा कसा वाचावा, हे ज्ञान आपल्या गावोगावी आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडीताई दर महिन्याला बाळाला काट्यावर तोलून त्याच्या वाढीच्या आलेखावर टिंब काढतात. तेथे एकट्या टिंबाला महत्त्व नसते. मागच्या टिंबांना जोडणारी रेषा चढते आहे, सपाट झाली आहे की उतरते आहे, हे ताई पाहतात, आणि बाळाला जुलाब झाले होते का, हे आईला विचारतात. प्रौढ माणसाला स्वतःच्या बाबतीत एवढा समजूतदारपणा दाखवायला काय हरकत आहे?

शाळेत मात्र आपण नेमके उलट करतो. आरोग्य तपासणीच्या दिवशी मुले रांगेत उभी असतात. एक शिक्षक काट्यापाशी, दुसरे वही घेऊन चार हात लांब, आणि आकडा मोठ्याने ओरडून सांगितला जातो. मागच्या रांगेत तो पोहोचतोच. मधल्या सुट्टीपर्यंत त्यातून टोपणनावे तयार होतात. सातवी-आठवीच्या मुलींचे या वयात वर्षभरात पाच-सात किलो वजन वाढणे हे निरोगी वाढीचे लक्षण आहे, पण हे त्यांना त्या दिवशी कोणी सांगत नाही. एखादी डबा न उघडताच परत नेऊ लागली तर आपल्याला ते कळेलच असे नाही. वही काट्याशेजारी ठेवणे, रांग खोलीबाहेर ठेवणे आणि आकडा न बोलता लिहिणे, यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.

वर्गात प्रयोग करायचा तर मुलांची वजने वापरू नयेत. शिक्षकाने स्वतःची वापरावी, आणि तीही मनापासून तयारी असेल तरच. तीस दिवस, सकाळी शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, सारख्याच कपड्यांत वजन करावे. शेजारी आदल्या दिवसाची नोंद लिहावी: पंगत, उपास, प्रवास, ताप, उन्हात चालणे. आलेखावर रोजची टिंबे काढावीत. मग प्रत्येक दिवसासाठी तो दिवस आणि त्याआधीचे सहा, अशा सात आकड्यांची सरासरी काढून वेगळ्या रंगाने रेषा काढावी. सातवीच्या मुलांना हे सहज जमते. टिंबे डोंगरासारखी वरखाली जातात आणि त्यांच्यामधून रेषा संथ जाते. वर गेलेल्या प्रत्येक टिंबाचे कारण नोंदीत सापडते का, हे मुलांनाच शोधू द्यावे. काहींचे सापडणार नाही. काटा फरशीवर, नेहमी एकाच जागी ठेवावा. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेल्या काट्याचा आकडा चुकतो, आणि तो किती चुकतो हे पाहणे हाही पाच मिनिटांचा एक चांगला प्रयोग आहे.